हातनको काकांची पाठ

काकांना सगळी गल्ली ‘हातनको’ म्हणायची. तोंडावर काका, माघारी हातनको. कारण उघड होतं. शहरातल्या मोठ्या कलासंग्रहालयात वरच्या मजल्यावरच्या दालनात काका उभं राहायची नोकरी करत. हो, उभं राहायचीच. लोकांना चित्रांपासून चार हात लांब ठेवायचं आणि कुणाचं बोट पुढे आलंच तर हळू पण ठाम आवाजात ‘हात नको’ म्हणायचं. हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर असे बसले होते, की एकदा बाजारात टोमॅटो दाबून बघणाऱ्या एका अनोळखी बाईलाही ते तसंच म्हणाले. ती बिचारी घाबरून टोमॅटो ठेवून चालती झाली, आणि भाजीवाल्याने पुढे वर्षभर ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवली.

काकू घरात, पुढच्या खोलीच्या खिडकीशी मशीन मांडून कपडे दुरुस्त करून द्यायच्या. पॅन्टची उंची कमी करायची, कोटाची चेन बदलायची, हौसेने शिवलेला आणि आता अंगात शिरेनासा झालेला पोशाख उसवून सैल करायचा. ‘कापड आटलं हो,’ असं गिऱ्हाईक म्हणालं की काकू गंभीर चेहऱ्याने म्हणायच्या, ‘आटतंच, हल्ली कापड तसलंच येतं.’ त्यामुळे गिऱ्हाईक टिकून होतं. दिवसभर यंत्राची घरघर आणि संध्याकाळी काकांचं मुकाट्याने बुटांच्या नाड्या सोडणं, असा या घराचा आवाज होता. भांडण नव्हतं. भांडायला आधी एकमेकांशी बोलावं लागतं.

नाही म्हणायला एका विषयावर काका आपणहून बोलत. त्यांच्या दालनाला लागूनच, मध्ये फक्त एक मोठी काच, असं संग्रहालयाचं इटालियन रेस्टॉरंट होतं. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, लांब दांड्यांचे ग्लास, आणि बोलताना आवाज न होऊ देणारी माणसं. दुपार झाली की दार उघडताना-मिटताना आतला वास दालनात यायचा. लोण्यात परतलेला लसूण, भाजलेला टोमॅटो, वितळतं चीज. काका तळघरात बॉयलरशेजारी बसून आपला डबा खात, पण तो वास मात्र घरापर्यंत आणत. ‘आज मशरूम असावेत,’ ते नाडी सोडता सोडता म्हणायचे. काकू म्हणायच्या, ‘तुम्ही चित्रं राखता की त्यांचं स्वयंपाकघर?’ काका हसायचे. एवढंच.

आता काका निवृत्त झाले. गणवेशाचा कोट परत केला, टोपी परत केली. संग्रहालयातल्या सगळ्यांनी मिळून त्यांना काय द्यावं याचा बराच खल झाला असावा, कारण घड्याळ द्यायचं टळलं आणि त्या काचेपलीकडच्या रेस्टॉरंटात दोघांचं जेवण, अशी भेट मिळाली. काका ते कार्ड घेऊन घरी आले आणि काकूंच्या यंत्रावर ठेवून म्हणाले, ‘चल, एकदा वास कशाचा येत होता ते तरी बघू.’

काकूंनी कार्डाकडे पाहिलं आणि हातातलं शिवण बाजूला ठेवलं. कारण नवऱ्याला सांगायची एक गोष्ट त्या कित्येक दिवस गिळून बसल्या होत्या, आणि ती सांगायची जागा आता आपणहून समोर आली होती.

गोष्ट अशी. पोटात दुखतं म्हणून त्या एकट्याच इस्पितळात गेल्या होत्या. घरी सांगितलं, गिऱ्हाइकाचे कपडे पोचवून येते. तपासण्या झाल्या, पुन्हा कपडे पोचवायला म्हणून गेल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसवून, हात हातात घेऊन सांगितलं, की आजार यकृतापर्यंत पसरलाय. ऑपरेशनाचा उपयोग नाही. दुखणं कमी करता येईल, दिवस थोडे वाढवता येतील, पण वर्ष निघेल असं त्या म्हणू शकत नाहीत. ‘घरी कोण आहे?’ त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, ‘आहेत ना, मिस्टर आहेत.’ आणि रस्त्यावर आल्यावर त्यांना रडू आलं ते या उत्तराचं.

मरणाची भीती वाटत नव्हती असं नाही. कुणाला वाटत नाही? पण काकूंना त्याहून मोठी भीती एका पाठीची होती.

त्यांना एक मुलगी होती. ठमी म्हणायचे तिला. गोबऱ्या गालांची, शाळेत नुकतीच जायला लागलेली, रुसली की खालचा ओठ असा पुढे काढायची की त्यावर पेन्सिल ठेवता यावी. तिला ताप आला आणि तो डोक्यात गेला. इस्पितळाच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये बाकावर काका-काकू बसले होते. डॉक्टर बाहेर आले, मान हलवून आत गेले. काकूंच्या तोंडून जो आवाज निघाला तो आपलाच आहे हे त्यांना कळलं नाही. आणि त्याच वेळी शेजारी बसलेला त्यांचा नवरा उठला, दोन पावलं पुढे गेला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. ताठ. हात मागे बांधून. एक शब्द नाही, खांद्यावर हात नाही. शेजारीण धावत आली तर तिलाही त्याने हाताने अडवलं. नोकरीवरून तसाच आलेला, गणवेशाच्या कोटात. त्या कोटाची पाठीवरची शिवण दोन बोटं उसवलेली होती. काकू तो सगळा वेळ त्या उसवलेल्या शिवणीकडे बघत रडल्या, कारण बघायला दुसरं काही त्याने ठेवलंच नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी ती शिवण घातली. न बोलता. पण त्या दिवसापासून आतलं काहीतरी उसवलं ते उसवलंच. पुढेही कधी डोळ्यांत पाणी आलं की हा माणूस उठायचा आणि दारात जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा. दगड आहे, असं काकूंनी ठरवून टाकलं आणि दगडासोबत राहायची सवय करून घेतली. सवय होते.

पण आता? आता सांगितलं आणि याने पुन्हा पाठ केली, तर उरलेले दिवस त्या पाठीला पाठ लावून काढायचे? ते त्यांना जमणार नव्हतं. परगावच्या धाकट्या बहिणीला त्यांनी फोनवर सहज म्हणून विचारून ठेवलं होतं, ‘मी तुझ्याकडे राहायला आले तर?’ ती म्हणाली होती, ‘कधीही ये ताई, विचारतेस काय?’ तर काकूंनी मनाशी पक्कं केलं. रेस्टॉरंटात सांगायचं. तिथे टेबल असतं, खुर्च्या समोरासमोर असतात, माणूस उठून जाईल कुठे? आणि तिथेही याने तोंड फिरवलंच, तर बॅग भरायची आणि बहिणीकडे जायचं. मरायला.

जेवणाच्या दिवशी काकूंनी काकांचा तपकिरी कोट इस्त्री करून दिला. काकांना गणवेशाशिवाय संग्रहालयात शिरताना अवघडल्यासारखं झालं असावं, कारण ते सवयीने नोकरांच्या दाराकडे वळले आणि काकूंना त्यांची बाही धरून पुढच्या दाराकडे आणावं लागलं.

टेबल काचेलगतचं होतं. मानेला किंचित बाक देऊन बोलणारा उंच वेटर पुढे आला, त्याने खुर्च्या ओढल्या, आणि काका झटकन काचेकडे तोंड असलेल्या खुर्चीत बसले. काकूंच्या वाट्याला आली स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड असलेली खुर्ची. मेनूकार्ड आलं. त्यातले पदार्थ वाचता येत होते, पण कळत नव्हते. वेटरने भात, शेवया, भाज्या असं समजावून सांगितलं आणि काकांनी शेवटी विचारलं, ‘दुपारी लसणाचा तो वास येतो, तो कशाचा?’ वेटर हसला. ‘साध्या स्पॅगेटीचा. लसूण आणि ऑलिव्हचं तेल. आमची सगळ्यात साधी डिश.’ काका जरासे हिरमुसले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, काहीतरी फार मोठं शिजतंय.

‘तीच आणा,’ काकू म्हणाल्या.

ब्रेड आला, तेलाची वाटी आली. काकूंनी टेबलक्लॉथचा काठ उलटा करून दुमड बघितली. काका पटकन म्हणाले, ‘हा—’ आणि थांबले. दोघंही हसले. हीच वेळ, काकूंना वाटलं. त्या पाणी प्यायल्या. ‘अहो,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्हाला एक सांगायचंय.’

‘सांग ना,’ काका म्हणाले. त्यांचे डोळे मात्र काकूंच्या खांद्यावरून पलीकडे, काचेतून दालनात गेले होते. ‘तो निळ्या शर्टवाला... बघ, उजवा खांदा पुढे आलाय. हात लावणार हा.’

काकूंनी ब्रेडचा तुकडा मोडला आणि ताटलीत ठेवला.

‘बोल ना,’ काका म्हणाले. ‘ऐकतोय मी.’

‘काही नाही.’

स्पॅगेटी आली. चांगली होती. निदान काका तसं म्हणाले. काकू काट्याला शेवया नुसत्या गुंडाळत होत्या. दोनदा त्यांनी शब्द जुळवले आणि दोनदा हा माणूस मान लांब करून काचेपलीकडे कुणाचे तरी खांदे राखत होता. निवृत्त झाला तरी. बायको समोर बसली असताना. काकूंच्या कपाळाची शीर उडायला लागली. त्यांनी काटा ताटलीवर ठेवला, जरा जोरातच, आणि म्हणाल्या, ‘उठा. मला तिकडे बसायचंय.’

‘का गं?’

‘सतत स्वयंपाकघराचं दार बघून कंटाळा आला. तुमचं दालन मलाही बघू द्या की.’

एवढ्या देखण्या जागी दोन म्हातारी माणसं ताटल्या-ग्लास इकडून तिकडे सरकवत जागा बदलायला लागली तेव्हा शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. वेटर धावत येऊन मदतीला लागला. काका नव्या खुर्चीत बसले खरे, पण पाठीमागे आपलं दालन आणि आपले डोळे पुढे, हे त्यांना सोसेना. ते सारखे खांदे हलवत होते, कुणीतरी मागून बर्फ टाकल्यासारखे.

काकूंना आता काचेतून सगळं दिसत होतं. समोरच्या भिंतीवर ते मोठं चित्र होतं, ज्याच्यापाशी काकांची नोकरी सरली. एक बाई चादरीची घडी घालतेय. चादरीची दोन टोकं तिच्या हातात आहेत आणि उरलेली दोन चित्राच्या चौकटीबाहेर गेली आहेत. ती कुणी धरली आहेत की खाली लोळताहेत, ते दिसत नाही. काकूंनी ते पूर्वी एकदा पाहिलं होतं आणि म्हणाल्या होत्या, ‘एवढ्या मोठ्या चादरीची घडी एकटीला जमत नाही.’

चित्रासमोर एक माणूस उभा होता. हातात ऑफिसची बॅग, वय पन्नाशीचं. नुसता उभा होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. त्याने बॅग खाली ठेवली आणि तळहात तोंडावर दाबला. दालनाच्या कोपऱ्यात काकांच्या जागी आलेली नवी पोरगी होती, गणवेशात, काकांनीच शिकवून तयार केलेली. तिने त्याच्याकडे पाहिलं. चालत त्याच्याजवळ आली. काकूंना वाटलं, आता त्याला विचारेल, पाणी देईल. ती त्याच्या मागे दोन पावलांवर थांबली, आणि वळून त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. ताठ. हात मागे बांधून.

काकूंच्या अंगावर काटा आला.

‘शिकवलंत वाटतं तिलाही,’ त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. ‘माणूस ढसाढसा रडतोय आणि तुमची ती पोरगी तोंड फिरवून उभी आहे.’

काका मागे वळले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम उजळला. ‘पाठ केली तिने? शाब्बास!’

‘शाब्बास?’

‘अगं, तेच तर सगळ्यात अवघड आहे शिकवायला,’ काका म्हणाले. कधी नव्हे ते सलग बोलत होते. ‘त्या चित्रासमोर माणसं रडतात. का, ते आपल्याला काय माहीत. मी नवा होतो तेव्हा एकीला रुमाल द्यायला गेलो. ती इतकी शरमली की पळाली. तेव्हा आमच्या पहाऱ्यावरच्या जुन्या जमादारांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, रडणाऱ्याकडे बघायचं नाही. विचारायचं नाही. त्याच्या आणि लोकांच्या मध्ये उभं राहायचं, पाठ करून. भिंत व्हायचं. त्याचं रडून होईस्तोवर कुणाला फिरकू द्यायचं नाही. चित्राला कुणाचा हात लागू द्यायचा नाही, तसा त्यालाही नाही.’

स्वयंपाकघराचं दार उघडलं, मिटलं. काकूंना इस्पितळाचा कॉरिडॉर दिसत होता. शेजारणीला अडवणारा हात दिसत होता. ती उसवलेली शिवण.

‘ठमीच्या वेळेला,’ त्या म्हणाल्या. ठमीचं नाव या दोघांमध्ये कित्येक वर्षांत निघालं नव्हतं. ‘तुम्ही उठून उभे राहिलात.’

काकांनी हातातला काटा खाली ठेवला. ‘कॉरिडॉरमध्ये सगळे बघत होते तुझ्याकडे. वॉर्डबॉय, पेशंट... एक जण तर थांबून बघत होता. मला वाटलं, तुला नीट रडू तरी द्यावं. मला दुसरं काय येत होतं? तेवढंच येत होतं.’

‘मला वाटलं, तुम्हाला काहीच वाटत नाही.’

हे काकांच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ‘मला?’ ते म्हणाले. मग टेबलक्लॉथकडे बघत, ‘पाठ केली की आपलंही कुणाला दिसत नाही.’

म्हणजे तोही रडत होता. दोन पावलांवर, पलीकडे तोंड करून, एकटाच. दोघं एकाच दुःखात एकमेकांना पाठमोरी बसली होती, आणि एकाने त्याला माया समजलं होतं, दुसरीने दगड. काकूंना त्याच्या गालात एक ठेवून द्यावीशी वाटली आणि त्याच गालावरून हात फिरवावासाही वाटला. केवढी वर्षं गेली! जाऊ नयेत अशी, बोलता आली असती अशी, चांगली वर्षं.

नेमका तेव्हाच वेटर गोड घेऊन आला. बशीत तिरामिसूचा चौकोन, आणि कडेने चॉकलेटने झोकात लिहिलेलं, ‘पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा’. त्याने दोन चमचे ठेवले, अभिनंदन केलं आणि गेला. काकूंनी ती अक्षरं वाचली.

‘अहो, मी कपडे पोचवायला गेले नव्हते.’

‘कधी?’

‘एकदाही नाही. इस्पितळात गेले होते.’ आणि मग त्यांनी सांगितलं. यकृत म्हणाल्या, ऑपरेशन नाही म्हणाल्या, वर्षाचं म्हणाल्या. बहिणीला विचारून ठेवलंय तेही सांगितलं, काही लपवलं नाही. बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. आणि काकांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

ते उठत होते. चेहरा पांढराफटक, पण अंग त्याच्या सवयीने निघालं होतं. शेजारच्या टेबलावरची माणसं या दोघांकडे बघायला लागली होती आणि हा माणूस मध्ये उभा राहायला निघाला होता. अर्धा वळलाही होता. काकूंना इस्त्री केलेल्या तपकिरी कोटाची पाठ दिसली, सरळ, त्यांच्याच हाताच्या शिवणीची.

त्यांनी टेबलावरून वाकून त्याची बाही पकडली.

‘उठू नका.’

‘लोक बघतायत गं.’

‘बघू देत. बसा. माझ्याकडे बघा.’

काका बसले. एखाद्याला न येणारं काम सांगावं तसे गोंधळून बसले. हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून टेबलावर ठेवले. मग त्यांनी मान वर केली आणि बायकोकडे पाहिलं.

‘एकटी गेलीस?’ ते म्हणाले. ‘दोन्ही वेळा?’

काकूंनी मान हलवली. आणि काकांचा खालचा ओठ पुढे आला. थरथरत, गोबरा, पेन्सिल ठेवता यावी असा. काकू बघतच राहिल्या. ठमी रुसली की हा ओठ कुणाचा घेऊन यायची, हे त्यांना संसार संपत आल्यावर कळत होतं. या माणसाला रडताना त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं.

त्यांनी त्याचे हात धरले. हातांची सवय नव्हती, दोघांनाही. तिरामिसू कडेने पाघळायला लागला, शुभेच्छांमधली शेवटची अक्षरं पुसट झाली. काकांचं नाक गळत होतं आणि काकूंनी त्या महागड्या रेस्टॉरंटचा पांढरा नॅपकिन खुशाल त्यांच्या नाकाला लावला.

मग काकूंची नजर काचेकडे गेली. ऑफिसची बॅग घेऊन तो माणूस गेला होता. नवी पोरगी दालनात उभी राहून काचेतून इकडेच बघत होती, तिच्या काकांच्या हलणाऱ्या खांद्यांकडे. क्षणभर तिला काय करावं कळलं नसावं. मग ती काचेजवळ आली, अगदी टेबलाला लागून, आणि वळली. दालनातली माणसं आणि हे टेबल यांच्यामध्ये तिची पाठ उभी राहिली. कोट तिला खांद्यात जरा सैल होत होता.

‘काय झालं?’ काकांनी विचारलं. काकूंची नजर आपल्या मागे कुठेतरी गेलीय, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

‘तुमच्या पोरीने पाठ केलीय,’ काकू म्हणाल्या. ‘आपल्यासाठी.’

काका सवयीने वळायला लागले.

‘मागे नको,’ काकू म्हणाल्या. ‘आता इकडेच बघा.’

काका मागे वळले नाहीत.